साठ जेटची ऑर्डर आणि तुमचा सीनियॉरिटी नंबर

पत्र असं आहे:

«मी मूळचा साताऱ्याचा, वय २६. बायको अमेरिकन नागरिक असल्यामुळे ग्रीनकार्ड मिळालं. सध्या फोर्ट वर्थजवळ फ्लाइट इन्स्ट्रक्टर आहे. एकूण १,३८० तास झालेत, त्यात दोन इंजिनांच्या विमानावरचे २२ आणि रात्रीचे ८१. दोन रीजनल एअरलाइन्सकडून सशर्त ऑफर आहे. पहिली कंपनी एका मोठ्या एअरलाइनच्याच मालकीची. तिचा बेस घरापासून अर्ध्या तासावर आहे, करारबिरार काही नाही, पण क्लास डेट (ट्रेनिंग सुरू होण्याची तारीख) विचारली की ‘लवकरच’ एवढंच उत्तर येतं. दुसरी स्वतंत्र कंत्राटदार कंपनी आहे. तिचा क्लास दहा आठवड्यांनी पक्का, मात्र पहिला बेस शिकागो आणि दोन वर्षांचा ट्रेनिंग करार (आधी सोडलं तर पैसे परत करायचे). तिने नव्या जेटची मोठी ऑर्डर दिल्याची बातमी वाचून वडील (एसटीतून निवृत्त) म्हणतात, ‘एवढी विमानं मागवणारी कंपनी बुडत नसते, तिकडेच जा.’ दुसरीकडे मोठ्या एअरलाइन्सचे पायलट आउटसोर्सिंग बंद करा म्हणून फलक घेऊन उभे दिसतात. त्यांचं ऐकलं गेलं तर आमच्यासारख्यांचं काय? काय करू?»

पहिली ऑफर घ्या. पण दुसरीला आजच नकार कळवू नका. दुसरीच्या क्लासला तीन आठवडे उरेपर्यंत पहिलीकडून तारीख लेखी मिळाली नाही, किंवा मिळाली ती दुसरीपेक्षा पाच-सहा महिने पुढची असेल, तर बॅग भरून शिकागोला जा. या निर्णयात जेटच्या ऑर्डरचं वजन तुमच्या वडिलांना वाटतं त्याच्या चौथाईही नाही, म्हणून आधी तेवढं उरकतो.

वडील एसटीतले आहेत, त्यांना हा धंदा दोन मिनिटांत कळेल. भाड्याची शिवशाही आठवायला सांगा. गाडी आणि ड्रायव्हर खासगी मालकाचा, मार्ग, वेळापत्रक आणि तिकीट एसटीचं, आणि मालकाला किलोमीटरमागे ठरलेले पैसे. अमेरिकेतल्या रीजनल एअरलाइनचं बहुतेक काम असंच चालतं. विमानाच्या शेपटीवर रंग मोठ्या एअरलाइनचा, तिकीट तिचं, कुठून कुठे आणि किती वाजता उडायचं हे तिनेच ठरवायचं. रीजनल पायलट, केबिन क्रू आणि देखभाल पुरवते. तिला उड्डाणामागे, उड्डाणाच्या तासामागे आणि विमानामागे ठरलेली रक्कम मिळते. इंधनाचं बिलही साधारणपणे मोठी एअरलाइनच सोसते. त्यामुळे विमान अर्धं रिकामं गेलं तरी रीजनलला झळ लागत नाही. त्याची दुसरी बाजू अशी की ते विमान उद्या उडणारच नाही असं ठरलं, तर त्यातही तिला विचारत नाहीत. शिवशाहीच्या मालकाने शोरूममध्ये साठ गाड्या बुक केल्या म्हणून त्याला साठ मार्ग मिळाले असं वडील म्हणतील का? आधी विचारतील, एसटीने वर्कऑर्डर किती गाड्यांची दिली?

आता खरी ऑर्डर घेऊन पाहू. स्कायवेस्ट या स्वतंत्र रीजनलने जून २०२५ मध्ये पॅरिस एअर शोच्या वेळी विमान बनवणाऱ्या एम्ब्रेअरकडे ६० ई-१७५ विमानांची पक्की ऑर्डर दिली, वर आणखी ५० घेण्याचा हक्क राखून ठेवला. मथळ्यात ११० हा आकडा आला की डोळे दिपतात. त्याच वेळी जाहीर झालं की यातली १६ विमानं डेल्टासाठी उडतील आणि ती ११ जुन्या सीआरजे-९०० व ५ सीआरजे-७०० विमानांची जागा घेतील. म्हणजे १६ आली, १६ गेली.

पायलटच्या हिशेबात याचा अर्थ काय, ते कागदावर मांडा. रीजनल जेट दिवसाला साधारण साडेनऊ तास उडतं असं धरलं, तर महिन्याला २८५ तास होतात. नियमाने एका पायलटला २८ दिवसांत १०० आणि वर्षात १,००० तासांच्या वर उडता येत नाही. प्रत्यक्षात लाइनवरचा (रोजच्या प्रवासी उड्डाणांवरचा) माणूस महिन्याला ७५ ते ८० उडतो. म्हणजे एका विमानाला पावणेचार जोड्या नुसत्या उडायला लागतात. त्यात रजा, आजारपण, सिम्युलेटरमध्ये अडकलेले आणि रिझर्व्हवर (बोलावणं येईल म्हणून तयार) बसलेले धरले की पाच जोड्या होतात. १६ विमानं खरोखर वाढली, तर ८० कॅप्टन आणि ८० फर्स्ट ऑफिसर (सहवैमानिक) लागतील. १६ बदलली तर नवीन जागा शून्य, उलट जुन्या विमानावरच्या लोकांना नव्या विमानाचं ट्रेनिंग द्यायचं, म्हणजे सिम्युलेटरचे स्लॉट त्यांच्याकडे आणि तुमची क्लास डेट पुढे.

ऑर्डर वाचताना म्हणून एवढं पाहायचं: पक्की किती आणि ‘हक्क’ किंवा ‘ऑप्शन’ किती, पक्क्यांपैकी कितींच्या मागे मोठ्या एअरलाइनचा उड्डाण करार आहे, आणि बदल्यात किती जुनी निघणार. चौथी गोष्ट विमान कोणाच्या नावावर येणार ही. अमेरिकन एअरलाइन्सने मार्च २०२४ मध्ये ९० ई-१७५ मागवली, ती स्वतःच्या नावावर. दशक संपेपर्यंत ५० आसनी विमानं काढून टाकायची हा त्यामागचा जाहीर हेतू. अशा ऑर्डरीत कोणत्या रीजनलने उडवायचं हे मालकीण ठरवते.

आणि मागवणारी कंपनी बुडत नसते, याचं उत्तर इतिहासातच आहे. ट्रान्स स्टेट्स नावाच्या रीजनलने मित्सुबिशीच्या नव्या जेटची ५० विमानांची ऑर्डर दिली होती. एप्रिल २०२० मध्ये ट्रान्स स्टेट्स बंद पडली. फेब्रुवारी २०२३ मध्ये मित्सुबिशीने तो विमानाचा प्रकल्पच गुंडाळला. स्कायवेस्टनेही त्याच विमानाची १०० मागवली होती, शिवाय २०१३ मध्ये एम्ब्रेअरच्या नव्या पिढीच्या ई-१७५-ई२ ची आणखी १००. त्या दोनशेपैकी एकही विमान स्कायवेस्टच्या ताफ्यात आलं नाही.

का आलं नाही, हे कळलं की तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं, फलकवाल्या पायलटांचं, उत्तर मिळतं. मोठ्या एअरलाइनच्या पायलटांच्या करारात ‘स्कोप’ नावाचं कलम असतं. कंपनीने कोणतं उड्डाण बाहेर द्यायचं आणि कोणतं नाही, याची ती लक्ष्मणरेषा. अमेरिकन, डेल्टा आणि युनायटेड या तिघींकडे ती साधारण सारखीच आहे: बाहेर दिलेल्या विमानात ७६ पेक्षा जास्त आसनं नकोत, उड्डाणाचं कमाल वजन ८६,००० पौंडांच्या (सुमारे ३९ टन) वर नको, आणि अशा विमानांच्या संख्येवरही मर्यादा. ई-१७५-ई२ चं वजन सुमारे साडेचव्वेचाळीस टन. इंजिन चांगलं, इंधन कमी खातं, पण वजनात नापास. पायलटांनी रेषा हलवली नाही, म्हणून एम्ब्रेअरने त्या विमानाचं काम थांबवून ठेवलं. सीआरजे बनणं तर २०२१ च्या सुरुवातीला शेवटचं विमान गेल्यावर संपलंच. आता या खणात बसणारं नवं विमान एकच उरलंय, जुन्या पिढीचं ई-१७५, म्हणून सगळ्यांच्या ऑर्डरी त्याच्याच. (वडिलांना ते पाहायचं असेल तर अमेरिकेला यायला नको. कोल्हापूरच्या संजय घोडावत समूहाची स्टार एअर हेच विमान ७६ आसनांचं उडवते.)

एका अर्थी संख्येवरची मर्यादा म्हणजे या धंद्याचं छप्पर. ऑर्डरी कितीही निघोत, मोठ्या रीजनल जेटची एकूण संख्या छपराच्या वर जात नाही. म्हणून बहुतेक ऑर्डरी बदलीच्या असतात.

त्या पायलटांचं म्हणणं चुकीचं आहे असं आम्हाला वाटत नाही. २००१ नंतर युनायटेड, यूएस एअरवेज, डेल्टा, नॉर्थवेस्ट एकेक करून दिवाळखोरीत गेल्या तेव्हा त्यांच्या पायलटांना पगारासोबत स्कोपही सैल करावं लागलं, आणि ५० आसनांची रेषा ७० वर, मग ७६ वर गेली. तेच काम दुसऱ्या गणवेशात निम्म्याहून कमी पगारावर होऊ लागलं. १२ फेब्रुवारी २००९ च्या रात्री बफेलोजवळ क्यू-४०० विमान एका घरावर कोसळून ५० जण गेले. प्रवाशांच्या तिकिटावर कॉन्टिनेंटल कनेक्शन होतं, उडवत होती कोल्गन एअर. एअरलाइनमध्ये उडवण्याआधी लागणाऱ्या १,५०० तासांची तुम्ही आज जी वाट पाहताय ती याच अपघातानंतर २०१० च्या कायद्यातून आली आणि ऑगस्ट २०१३ पासून लागू झाली.

स्कोप आणखी घट्ट झालं तर रीजनलचं काम आटेल, पण एका रात्रीत नाही. उड्डाण करार बहुधा अनेक वर्षांचे असतात आणि मुदत संपेल तसतशी विमानं निघतात. शिवाय ते काम मोठ्या एअरलाइनकडे गेलं तर पायलट तिलाही लागणारच. तुमची पोळी भाजते की करपते हे त्या वेळी तुमच्या खिशात काय असेल त्यावर ठरेल: १२१ चे तास (अमेरिकेत वेळापत्रकाच्या एअरलाइन उड्डाणांना लागू असलेला नियमांचा भाग), स्वच्छ ट्रेनिंग रेकॉर्ड आणि कॅप्टनची पट्टी. जे खिशात राहत नाही ते म्हणजे सीनियॉरिटी नंबर (कंपनीच्या यादीतला भरतीच्या क्रमाने मिळालेला), आणि या व्यवसायातली सगळ्यात क्रूर गोष्ट तिथेच आहे.

कंपास एअरलाइन्सचं उदाहरण घ्या. ई-१७५ उडवायची, डेल्टा आणि अमेरिकन दोघींसाठी. विमान उत्तम, गिऱ्हाईक उत्तम. करार गेले, विमानं दुसऱ्या रीजनलांकडे रवाना झाली, एप्रिल २०२० मध्ये कंपनी बंद. एक्सप्रेसजेटचं तसंच: जुलै २०२० मध्ये युनायटेडने ५० आसनी ईआरजे-१४५ चं सगळं काम कम्यूटएअरकडे द्यायचं ठरवलं आणि ३० सप्टेंबरला एक्सप्रेसजेटने सेवा थांबवली. विमानं आणि मार्ग टिकले, पण तिथे पंधरा वर्षं काढलेला कॅप्टन दुसरीकडे गेला तर यादीत सर्वांत खाली. पगाराची पायरी, बेसची निवड, सुट्टीचे दिवस, सगळं त्या यादीवरून ठरतं.

दोन कंपन्यांचं विलीनीकरण झालं तर गोष्ट वेगळी. २००७ च्या मॅकॅस्किल-बाँड कायद्याने दोन्ही याद्या न्याय्य रीतीने एकत्र कराव्या लागतात, नाही जमलं तर लवादाकडे जायचं. २०२५ मध्ये रिपब्लिक आणि मेसा एक झाल्या, तो या प्रकारातला मामला. पण काम एका कंत्राटदाराकडून काढून दुसऱ्याला देणं म्हणजे विलीनीकरण नव्हे. तिथे हा कायदा तुमच्या नंबरला वाचवत नाही.

यावर तुम्ही म्हणाल, मग मोठ्या एअरलाइनच्या मालकीची कंपनी तरी सुरक्षित का? पूर्ण नाही. कॉमएअर डेल्टाच्या मालकीची होती, तिच्या पायलटांनी २००१ मध्ये ८९ दिवसांचा संप करून पगार वाढवून घेतले होते, आणि सप्टेंबर २०१२ मध्ये डेल्टानेच ती बंद केली. मालकीण घरचीच असली तरी महाग लेकरू आणि ५० आसनी जुनी विमानं तिला पोसायची नव्हती. तरीही तुमच्या बाबतीत आम्ही पहिलीकडे झुकतो, ते तीन रोकड्या कारणांनी: घराजवळचा बेस, करार नसणं, आणि वर जाण्याची ठरलेली रांग.

त्या रांगेला ‘फ्लो’ म्हणतात. ठरावीक काळानंतर सीनियॉरिटीने मालक एअरलाइनमध्ये मुलाखतीशिवाय, किंवा नावापुरत्या मुलाखतीने, प्रवेश. भरतीचं पत्रक त्याचं चित्र फार गोंडस काढतं. वरची कंपनी भरती थांबवते तेव्हा फ्लोही थांबतो, आणि रीजनलला कॅप्टन कमी पडले तर महिन्याला किती सोडायचे याला बूच लागतं. म्हणून भरतीवाल्या बाईंना ‘फ्लोला किती वर्षं लागतात?’ असं विचारू नका. विचारा: ‘गेल्या बारा महिन्यांत किती जण फ्लोने गेले, आणि शेवटच्याची भरतीची तारीख कोणती?’ दुसरा प्रश्न: ‘माझ्या बेसवरच्या सर्वांत कनिष्ठ कॅप्टनची भरतीची तारीख कोणती, आणि लाइन, म्हणजे महिन्याचं पक्कं वेळापत्रक, मिळालेल्या सर्वांत कनिष्ठ फर्स्ट ऑफिसरची?’ या दोन तारखा प्रत्येक पायलटला आपल्या बिडिंगच्या (ड्युटी आणि बेसची पसंती नोंदवण्याच्या) पडद्यावर दिसतात. भरती विभागाने टाळाटाळ केली, तर तिथल्या कोणत्याही फर्स्ट ऑफिसरला चहा पाजून विचारा.

लाइन मिळालेल्या कनिष्ठ माणसाची तारीख का? कारण कॅप्टन व्हायला १२१ च्या उड्डाणात फर्स्ट ऑफिसर म्हणून १,००० तास लागतात. २०२२-२३ मध्ये मोठ्या एअरलाइन्सनी रीजनलचे कॅप्टन भराभर उचलले. फर्स्ट ऑफिसरचा पगार ताशी ९० डॉलरपर्यंत गेला आणि सगळीकडून नवी मुलं आली. मग २०२४ मध्ये बोइंगची विमानं वेळेवर येईनाशी झाली, वरची भरती मंदावली, आणि उजव्या, म्हणजे फर्स्ट ऑफिसरच्या, सीटवर गर्दी झाली. अशा कंपनीत नवा माणूस महिनोन्महिने रिझर्व्हवर बसतो. महिन्याची हमी समजा ७५ तासांची, म्हणजे ९० च्या दराने ६,७५० डॉलर, ते मिळतात. पण प्रत्यक्ष उडणं तीसच तास. महिन्याला ७० तास उडलात तर १,००० व्हायला सव्वा वर्षाच्या आत-बाहेर लागतं, तीसने उडलात तर पावणेतीन वर्षं. दोन ऑफरमधला हा फरक जेटच्या साऱ्या मथळ्यांपेक्षा मोठा.

सुरुवातीलाच आणखी एक खड्डा आहे, फारसं कोणी आधी सांगत नाही. टाइप रेटिंगची (त्या प्रकारचं विमान उडवण्याच्या परवान्याची) तपासणी झाल्यापासून १२० दिवसांत त्या विमानावर १०० तास प्रत्यक्ष लाइनवर उडावे लागतात, त्याला कन्सॉलिडेशन म्हणतात. ते होत नाहीत तोवर हातात बसलेलं कौशल्य पक्कं मानत नाहीत. मुदत चुकली तर पुन्हा सिम्युलेटर, पुन्हा तपासणी. त्यातच दोघांपैकी एकाचे तरी त्या विमानावर ७५ तास झालेले हवेत, नाहीतर जोडीच लावता येत नाही. त्यामुळे नव्या फर्स्ट ऑफिसरला नवा कॅप्टन चालत नाही आणि शेड्युलिंगवाले तुम्हाला टाळतात. ट्रेनिंग संपताच चीफ पायलटच्या कार्यालयाला स्वतः मेल टाका की माझे कन्सॉलिडेशनचे इतके तास बाकी आहेत, अमुक तारखेला मुदत संपते. दर दहा दिवसांनी टाका. चिकटपणा वाटला तर वाटू द्या.

शिकागोचा रिझर्व्ह फोर्ट वर्थमधून होत नाही. शॉर्ट कॉलला दोनेक तासांत विमानतळावर हजर व्हायचं असतं. म्हणजे तिथे क्रॅश पॅड, म्हणजे एका फ्लॅटमध्ये सहा-आठ पायलट, पलंगाचं भाडं. शिवाय घरी यायला-जायला रिकाम्या सीटवर भरवसा. महिन्याच्या बारा सुट्ट्यांतल्या तीन-चार प्रवासात जातात. हे सोसता येतं, पण करारासोबत सोसताना जड जातं.

करार सही करायचीच वेळ आली तर त्यात चार ठिकाणी बोट ठेवा. रक्कम दर महिन्याला कमी होत जाते, की दोन वर्षांच्या शेवटच्या दिवसापर्यंत पूर्ण अंगावर राहते? घड्याळ क्लासच्या पहिल्या दिवशी सुरू होतं की लाइनवरच्या देखरेखीखालच्या उड्डाणानंतर? (मध्ये चार महिने सहज जातात.) कंपनीने स्वतः फर्लो केलं (काम नाही म्हणून घरी बसवलं), बेस बंद केला किंवा तुमचं मेडिकल गेलं तर पैसे मागता येतात का? आणि कॅप्टन व्हायला सांगितल्यावर नाही म्हटलं तर तो करारभंग धरतात का? शेवटचं कलम काही ठिकाणी मुद्दाम घातलेलं असतं, कारण कमतरता कॅप्टनची आहे. फर्लोच्या कलमावर कागद गप्प असेल तर एक वाक्य लिहून घ्या: कंपनीने कामावरून कमी केल्यास परतफेड नाही. तेही देत नसतील तर सही करण्याआधी कामगार कायद्याच्या वकिलाला तासाभराची फी द्या, तेवढे पैसे वसूल होतात.

एक गोष्ट मात्र अजिबात करू नका: दुसरीच्या क्लासमध्ये बसून, पहिलीची तारीख आली म्हणून अर्ध्यातून उठणं. एफएए या अमेरिकी विमान नियामकाच्या पायलट रेकॉर्ड्स डेटाबेसमध्ये ट्रेनिंगची नोंद जाते आणि पुढची प्रत्येक एअरलाइन ती पाहते. आत गेलात की लाइनवर येईपर्यंत तिथेच.

मंदीची भीती रास्त आहे, पण तिची तयारी स्वस्तात होते. फर्लो उलट्या क्रमाने, यादीच्या शेपटाकडून सुरू होतो, म्हणून पहिली दोन वर्षं सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला ठेवा. मोठ्या कंपनीला सामूहिक कपातीआधी साधारणपणे ६० दिवसांची नोटीस द्यावी लागते. इन्स्ट्रक्टरचं सर्टिफिकेट डिसेंबर २०२४ पासून संपत नाही, पण दर २४ महिन्यांत ‘रीसेंट एक्सपिरियन्स’ दाखवावा लागतो, तो चुकवू नका. एअरलाइनचा गणवेश चढला की लोक हेच विसरतात, आणि फर्लो झाल्यावर शिकवायला सुद्धा जाता येत नाही. भारतात परतण्याचा पर्याय वडील सुचवतीलच. डीजीसीए या भारतीय नियामकाचे पेपर, भारतीय क्लास वन मेडिकल आणि रेडिओचं लायसन्स हे सगळं नव्याने करावं लागतं, आणि ग्रीनकार्डावर दीर्घकाळ बाहेर राहिलात तर तेही धोक्यात. आज त्यात वेळ घालवू नका.

आज वेळ घालायचा तो तुमच्या लॉगबुकात. दोन्ही कंपन्या तारीख देतील ती ‘किमान तास पूर्ण झाल्यास’ या अटीवर, आणि तुमच्या आकड्यांत १,५०० ला कमी पडणारे १२० तास ही खरी अडचण नाही, ते दोन महिन्यांत शिकवता शिकवता होतील. अडचण दोन इंजिनांची आणि रात्रीची.

दोन इंजिनांचे ५० लागतात, पण त्यातले २५ पर्यंत मान्यताप्राप्त कोर्समधल्या फुल फ्लाइट सिम्युलेटरचे चालतात आणि ते एअरलाइनच्या ट्रेनिंगमध्येच भरून निघतात. म्हणून बहुतेक रीजनल २५ वर घेतात. तुम्हाला ३ कमी आहेत. त्यासाठी विमान भाड्याने घ्यायचं तर साडेतीन-चार तास घ्या, अचूक २५.० वर लॉगबुक नेऊ नका, तपासणाऱ्याने एखादी नोंद खोडली की बसलात. एटीपीच्या (एअरलाइन पायलटच्या सर्टिफिकेटच्या) लेखी परीक्षेआधीचा एटीपी-सीटीपी कोर्स (३० तास वर्ग, १० तास सिम्युलेटर) स्वतःच्या पैशाने करू नका, तो रीजनल करवून घेतात. क्रॉस-कंट्रीचे (दूरच्या ठिकाणापर्यंतच्या उड्डाणांचे) ५०० तास भरत नसतील तर घाबरू नका. १,५०० एकूण आणि २०० क्रॉस-कंट्रीवर रिस्ट्रिक्टेड एटीपी मिळतं, त्यावर उजव्या सीटवर बसता येतं.

रात्रीचे १०० लागतात, तुमचे ८१ आहेत. इथे नियमात एक सोय आहे. रात्री पूर्ण थांबून केलेली २० टेकऑफ-लँडिंग झाली की त्यापुढचं प्रत्येक टेकऑफ-लँडिंग एका तासाच्या बदल्यात धरता येतं, जास्तीत जास्त २५ तासांपर्यंत. टच-अँड-गो चालत नाही, धावपट्टीवर पूर्ण थांबायचं. आणि विद्यार्थ्याने केलेलं लँडिंग तुमचं नाही, शेजारी बसून तुम्ही कितीही घाम गाळला असला तरी. तेव्हा आधी लॉगबुकातून तुमची स्वतःची रात्रीची पूर्ण थांब्याची लँडिंग मोजा. वीस झाली असतील तर आणखी एकोणीस हवीत. एका फेरीला टॅक्सी धरून बारा-पंधरा मिनिटं धरा, म्हणजे रात्रीला सहा-सात, तीन रात्रींचं काम. लॉगबुकात ती वेगळ्या रकान्यात ‘फुल स्टॉप, रात्र’ अशी लिहा, कारण मुलाखतीला बसलेला माणूस पहिल्यांदा तेच पान उलटून पाहील.